गिंपचा पसारा आवरायचा कसा? (छोट्या स्क्रीनवाल्यांसाठी खास)

कंदीपेढा

मंडळी, त्या 'फुकटातला फोटो एडिटर सुचवा' वाल्या धाग्यावर तिघाचौघांनी एकच रड लावली होती, की गिंप (फोटो सुधारायचा फुकट प्रोग्रॅम) उघडलं की चारी बाजूंनी पॅनल (टूल्स आणि पर्यायांच्या चौकटी) आणि मधे फोटो एवढुसा. तिथेच उत्तर टंकायला बसलो, ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी माझी परिस्थिती सांगतो म्हणजे कशासाठी काय केलंय ते कळेल. साताऱ्यात फोटो स्टुडिओत काम करतो, लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, मधूनच कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर. मोठ्या मशीनवर फोटोशॉप आहे, ते मालक वापरतात. माझ्या वाट्याला लॅपटॉप, १३६६ बाय ७६८ चा, आणि त्यावर गिंप २.१०. आता अल्बमचं एक उघडं पान म्हणजे ३६ बाय १२ इंच, ३०० डीपीआयने १०८०० बाय ३६०० पिक्सेल. दोन्हीकडे पॅनल ठेवून हे पान बघायचं तर झूम साधारण ८ टक्के. नवरीच्या कपाळावर चंद्रकोर आहे का डाग आहे ते पण कळत नाही.

म्हणून माझं धोरण एकच, कॅनव्हासला (मधे फोटो दिसतो ती जागा) जागा द्यायची आणि बाकीचं सगळं लागेल तेव्हा बोलवायचं.

सगळ्यात पहिलं म्हणजे टॅबची कळ. दाबली की सगळी पॅनल गायब, परत दाबली की हजर. एफ११ ने फुल स्क्रीन. इथे एक गोष्ट फार कमी लोक बघतात, एडिट मेनूत प्रेफरन्सेस, त्यात इमेज विंडोज, त्याखाली अपिअरन्स. तिथे साध्या विंडोसाठी वेगळ्या खुणा आणि फुल स्क्रीनसाठी वेगळ्या खुणा आहेत, रूलर दाखवू का, स्क्रोलबार दाखवू का, खालची स्टेटसपट्टी दाखवू का वगैरे. मी साध्या विंडोत रूलर ठेवलेत कारण त्यातून गाइड (मापाच्या आधाररेघा) ओढायला लागतात, फुल स्क्रीनमधे फक्त स्टेटसपट्टी ठेवली, झूम किती आहे ते कळायला.

मग टूलबॉक्स. त्याच्या डोक्यावर तो विल्बर बसलेला असतो (गिंपचा तो ब्रश तोंडात धरलेला प्राणी), गोड आहे पण ७६८ च्या उंचीत त्याला जागा नाही. प्रेफरन्सेस, इंटरफेस, टूलबॉक्स, तिथे लोगोची खूण काढून टाका. तिथेच खाली टूल्सची यादी आहे, डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की ते टूल दिसायचं बंद. २.१०.१८ पासून सारखी टूल्स एका बटणाखाली गोळा केलेली येतात, काही लोकांना ते आवडत नाही, त्यांनी 'यूज टूल ग्रुप्स' काढावं. मला आवडतं, माझा टूलबॉक्स त्यामुळेच एका रांगेत मावतो.

पण तो एका रांगेत आणायचा तर त्याच्या खाली चिकटलेलं टूल ऑप्शन्स आधी हलवायला लागतं. त्याचा टॅब (कळ नव्हे, पॅनलच्या डोक्यावरचं छोटं चिन्ह) माउसने धरा आणि उजवीकडे लेयर्सच्या (फोटोच्या थरांच्या) टॅबशेजारी नेऊन सोडा. मग डावीकडची कड आत ढकलली की टूलबॉक्स बारीक होतो. एवढ्या एका गोष्टीने लय जागा सुटते.

आणि मेनूत शोधत बसू नका, तिरकी रेघ ( / ) दाबा. शोधायची चौकट येते, इंग्रजीत दोन अक्षरं टाका, कुठलाही फिल्टर, कुठलीही कमांड समोर. ही सवय लागली की अर्धी पॅनल आपोआप निरुपयोगी होतात.

अल्बमवाल्यांसाठी एक जास्तीचं. नवीन पान उघडलं की इमेज मेनूतून गाइड्स, 'न्यू गाइड बाय पर्सेंट', उभी, ५० टक्के. ती घडीची रेघ. नवऱ्याचं नाक त्या घडीत गेलेले अल्बम बघितलेत, पुढे बोलत नाही.

सगळं मनासारखं लागलं की प्रेफरन्सेसमधे विंडो मॅनेजमेंट, तिथे 'सेव्ह विंडो पोझिशन्स ऑन एक्झिट' ची खूण काढायची आणि 'सेव्ह विंडो पोझिशन्स नाऊ' एकदा दाबायचं. मग दिवसभर कुणी काही ओढाताण करो, उद्या उघडल्यावर आपलीच मांडणी.

तुम्ही कसं लावता ते सांगा.

फळाखडू

छान धागा, वाचनखूण साठवली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तक्ते आणि स्नेहसंमेलनाचं निमंत्रण असलं काहीतरी गिंपमधे करते. पेढेदादा, तुमचं वाचून टॅब दाबलं, सगळं गेलं, परत दाबलं, आलं. पण माझं लेयर्सचं पॅनल त्याआधीच कधीतरी गायब झालंय ते टॅबने येत नाही. मुलांकडून बंद केलं गेलं असावं. काय करू?

कंदीपेढा

ताई, विंडोज मेनू उघडा (कॉम्प्युटरचं विंडोज नव्हे, गिंपच्या वरच्या पट्टीतलं), त्यात 'रिसेंटली क्लोज्ड डॉक्स' असतं (डॉक म्हणजे पॅनल जिथे चिकटतात ती जागा), त्यात सापडेल. नाहीच सापडलं तर त्याच मेनूत 'डॉकेबल डायलॉग्ज', तिथे सगळ्या पॅनलची यादी आहे. लेयर्ससाठी सरळ कंट्रोल एल. टूलबॉक्स गेला तर कंट्रोल बी.

आणि मुलांनी पारच उलथापालथ केली असेल तर विंडो मॅनेजमेंटमधेच एक रिसेटचं बटण आहे, ते दाबून गिंप बंद करून परत उघडा, कोऱ्या मांडणीवर येतं.

मुलांच्या हातून पॅनल हलू नये म्हणून, पॅनलच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण आहे ना, त्यावर क्लिक केलं की 'लॉक टॅब टू डॉक' येतं. पॅनल ओढून भलतीकडे जाणं तरी थांबतं.

शटरबंद

चांगलं लिहिलंय पण फोटोशॉपवाल्याला हे सगळं वाचून थोडी कीव येते हो. आमच्याकडे विंडो, वर्कस्पेस (म्हणजे पॅनलची साठवलेली मांडणी), न्यू वर्कस्पेस, नाव द्या, संपलं. शॉर्टकट, मेनू, टूलबार तिन्ही त्यात साठवायची खूण आहे. माझ्याकडे 'रिटच' वेगळी, 'टाइप' वेगळी, पॅनल इकडेतिकडे झाली की रिसेट. नव्या आवृत्त्यांत लॉक वर्कस्पेस पण आहे. शिवाय एडिट मेनूत टूलबार, तिथून नको ती टूल्स बाजूला टाकता येतात. गिंपमधे अशी नावाने साठवलेली वर्कस्पेस आहे का? नाहीये ना?

फोटोशॉपच्या बाजूने अजून एक, विंडो मेनूत अरेंज, त्यात त्याच फाइलची दुसरी विंडो उघडता येते. एकीकडे डोळा ३०० टक्क्यांवर, दुसरीकडे पूर्ण फोटो, इकडे ब्रश मारला की तिकडे लगेच दिसतं. हे नसतं तर चेहरे प्लास्टिकचे होईपर्यंत लोक घासत बसतात.

कंदीपेढा

कीव राखून ठेवा साहेब 🙂

मेनूत नाही हे खरंय. पण गिंप सुरू करताना त्याला सेशनचं नाव देता येतं. डेस्कटॉपवर गिंपच्या शॉर्टकटची कॉपी करा, त्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटची जी चौकट आहे तिच्या अगदी शेवटी (अवतरणचिन्ह संपल्यावर) एक जागा सोडून दोन आडव्या रेघा, त्याला चिकटून इंग्रजीत सेशन, मग बरोबरचं चिन्ह, मग तुमचं नाव, मधे कुठेही जागा सोडायची नाही. मी एकाला अल्बम ठेवलंय, एकाला रिटच. पहिल्यांदा कोरी मांडणी उघडेल, लावून घ्या, सेव्ह करा. गिंप त्या नावाची वेगळी सेशनआरसी फाइल करतं आणि पुढे त्या आयकॉनवरून उघडलं की तीच मांडणी. फक्त आधीचं गिंप बंद करून उघडायचं, नाहीतर चालू असलेलीच खिडकी समोर येते.

यातली खरी गंमत म्हणजे सगळं एका खिडकीत ठेवायचं का सुट्या खिडक्यांत हे पण त्याच फाइलीत साठतं. म्हणजे अल्बमसाठी सिंगल विंडो मोड आणि रिटचसाठी सुट्या खिडक्या असं करता येतं. आणि सुट्या खिडक्यांत व्ह्यू मेनूतलं 'न्यू व्ह्यू' घेतलं की तुम्ही म्हणताय तेच, एकाच फोटोच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी. सिंगल विंडोत ते नुसतं दुसऱ्या टॅबमधे उघडतं, शेजारी लावता येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की गिंपमधे ही सोयच नाही.

मर्यादा पण सांगतो, सेशनमधे खिडक्या आणि पॅनलच येतात. टूलबॉक्समधली टूल्स, थीम, शॉर्टकट हे सगळ्या सेशनना एकच राहतं. त्या बाबतीत फोटोशॉपचं वर्कस्पेस पुढे आहेच, नाही म्हणत नाही.

शटरबंद

हे माहीत नव्हतं. शब्द मागे. (कीव अर्धी मागे.)

संत्रानगरी

काहून एवढी झंझट करता भाऊ? मी जसं इन्स्टॉल होते तसंच ठेवतो. कारण सांगतो. मी चार ठिकाणी फ्रीलान्स जातो, आज इथे, उद्या तिथे, प्रत्येक जागी मशीन दुसऱ्याची. स्वतःच्या मांडणीची सवय लागली की दुसऱ्याच्या मशीनवर हात आंधळे होतात. डीफॉल्टची सवय ठेवा, कुठेही बसा. शिकवणारे सगळे व्हिडिओ पण डीफॉल्टवरच असतात, तिथे उजवीकडे वर म्हणतात आणि आपल्याकडे तिथे काहीच नसते.

अन् ज्याला फोटोशॉपची सवय आहे त्याने फोटोगिंप टाकून घ्यावे, मांडणी अन् शॉर्टकट दोन्ही फोटोशॉपसारखे होऊन जातात, विषय संपला.

कंदीपेढा

चार मशीनवाल्याचा मुद्दा पटतो. पण कुणाची गाडी चालवायला घेतली तरी आपण आरसा आणि सीट हलवतोच की. टॅब, एफ११, तिरकी रेघ ह्या कळा कुठल्याही गिंपमधे चालतात, त्याला मांडणी बदलायला लागत नाही. माझ्या मते आधी त्या शिकाव्यात, पॅनलची हलवाहलव नंतर.

फोटोगिंप चांगलं आहे पण ते तुमच्या गिंपच्या सेटिंगच्या फोल्डरवर स्वतःच्या फाइली टाकतं. टाकण्याआधी तो फोल्डर कुठेतरी कॉपी करून ठेवा, नाहीतर आधीचे शॉर्टकट गेले म्हणून समजा. विंडोजवर तो ॲपडेटामधे रोमिंग, त्यात गिंप, त्यात २.१० नावाचा असतो.

फ्लेक्सकाका

मुलांनो, जागेचं झालं, आता रंगाचं ऐका. मी फ्लेक्स आणि फोटो प्रिंटिंग करतो, रोज कुणीतरी येऊन भांडतं, 'काका, स्क्रीनवर उजळ होतं, प्रिंट काळपट आलं'. विचारलं की कळतं, प्रोग्रॅम काळ्या थीममधे, फोटोच्या भोवती काळं, खोलीत अंधार, आणि स्क्रीनचा ब्राइटनेस शंभर. काळ्याच्या शेजारी ठेवलेली कुठलीही गोष्ट डोळ्याला आहे त्यापेक्षा उजळ वाटते, त्यात फोटोची चूक नाही आणि मशीनचीही नाही. मग तुम्ही फोटो 'अजून थोडा डार्क' करता, आणि तो पांढऱ्या कागदावर पांढऱ्या बॉर्डरमधे छापला की बुडतो.

म्हणून कॅनव्हासच्या भोवतीचा रंग मधला करडा ठेवा. गिंपमधे व्ह्यू मेनूत पॅडिंग कलर, किंवा कायमचं करायचं तर अपिअरन्समधे कॅनव्हास पॅडिंग, कस्टम कलर, आणि आरजीबी तिन्ही ११९. तिन्ही आकडे सारखे पाहिजेत, नाहीतर करड्यात निळी नाहीतर पिवळी झाक शिरते आणि त्वचेचा रंग फसतो. फोटोशॉपमधे फोटोबाहेरच्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक केलं की तिथेच रंग निवडता येतो.

थीम पण करडी ठेवली तर उत्तम. २.१० आलं २०१८ साली, तेव्हापासून आल्याआल्या काळीच असते, दिसायला झकास, पण प्रिंटच्या कामाला मी ती ठेवत नाही. फक्त इन्स्टावर टाकायचं असेल तर ठेवा बापडे, बघणारे पण काळ्या स्क्रीनवरच बघणार.

शटरबंद

काकांना +१. प्रिंटरवाल्याकडून त्याच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात त्याची फाइल) मिळत असेल तर ते पण लावून बघावं. फोटोशॉपमधे व्ह्यू, प्रूफ सेटअप, मग कंट्रोल वाय. गिंपमधे व्ह्यू मेनूतच कलर मॅनेजमेंटखाली आहे. फाइल बदलत नाही, फक्त दाखवताना छापल्यावर कसं होईल तसं दाखवतं.

चष्मेबहाद्दर

काळी थीम का करडी हा वाद तरुणांचा. माझं वय साठीच्या पुढे, मला ते नव्या धाटणीचे एकरंगी आयकॉन ओळखूच येत नाहीत, कातरी कुठली आणि खोडरबर कुठलं. घरचे जुने फोटो स्कॅन करून सुरकुत्या आणि डाग काढत बसतो, हा निवृत्तीतला उद्योग. अक्षरंही फार बारीक आहेत. काही इलाज?

कंदीपेढा

काका, दोन्हीला इलाज आहे. प्रेफरन्सेस, इंटरफेस, आयकॉन थीम. तिथे सिम्बॉलिक निवडलेलं असेल, ते कलर करा, रंगीत आयकॉन परत येतात. लेगसी निवडलंत तर अगदी जुन्या गिंपसारखे. त्याच पानावर आयकॉनचा आकार पण वाढवता येतो. लेयर्समधली छोटी चित्रं मोठी करायला त्या पॅनलच्या कोपऱ्यातला त्रिकोण, प्रीव्ह्यू साइज.

अक्षरांचा मोठेपणा मात्र २.१० मधे नीट हाताळता येत नाही, ते ३.० मधे सुधारलंय.

पश्चिमघाट

३.० चा विषय निघालाच आहे तर. मार्च २०२५ मधे आलं, मी तेव्हापासून वापरतोय, माझी स्क्रीन ४के आहे आणि २.१० मधे त्यावर आयकॉन मुंगीएवढे दिसायचे. ३.० नव्या जीटीके ३ वर (खिडक्या आणि बटणं दाखवणारा पाया) बांधलंय त्यामुळे अशा स्क्रीनवर सगळं योग्य आकारात येतं, थीमच्या पानावर अक्षरं मोठी करायची पट्टी आहे, आणि काळी, करडी, उजळ अशी निवड एकाच ठिकाणी. जुन्या २.१० च्या सेटिंग्ज पहिल्यांदा उघडताना स्वतःच उचलून घेतं. पेढे, तू अजून २.१० वर का?

कंदीपेढा

प्लगइनमुळे (गिंपला जोडायचा छोटा प्रोग्रॅम). पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे एका ४ बाय ६ इंची कागदावर मांडायला एक जुनं पायथनमधलं प्लगइन वापरतो, ते पायथन २ चं आहे, ३.० ला पायथन ३ चं लागतं. कुणी लिहून दिलं की उद्या जातो. तोवर चष्मेबहाद्दर काकांनी मात्र सरळ ३.० घ्यावं.

काजळकाडी

उशिरा आले धाग्यावर. मी चित्रं काढते, जास्त करून क्रिटामधे, तिथे वर्कस्पेसला नाव देऊन साठवता येतं, वर उजव्या कोपऱ्यात बटण आहे. पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते उजव्या क्लिकवर ब्रश आणि रंगांचं गोल चाक हाताखालीच उघडतं, त्यामुळे टॅबने सगळं लपवून तासन् तास काढता येतं.

दुसरं म्हणजे एम दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. चित्र तसंच राहतं, फक्त बघणं उलटतं. एक डोळा वर एक खाली गेलेला असेल तर तेव्हा झटकन दिसतो. गिंपमधे आहे का हे?

आणि मी डावरी आहे, स्क्रीनवाल्या टॅब्लेटवर काढते, गिंपमधे टूलबॉक्स डावीकडे असला की माझा कोपर त्याच्यावर येतो.

कंदीपेढा

आहे, व्ह्यू मेनूत फ्लिप अँड रोटेट. २.१० पासून. तिथूनच कॅनव्हास तिरपा पण करता येतो, किंवा शिफ्ट धरून माउसचं मधलं बटण दाबून फिरवा. सरळ करायला उद्गारचिन्ह. उलटण्याला स्वतःहून कळ दिलेली नाही, एडिट, कीबोर्ड शॉर्टकट्समधे जाऊन तुमच्या सवयीची द्या. एम मात्र आधीच मूव्ह टूलला दिलेलं आहे.

डावऱ्यांसाठी सुट्या खिडक्यांत टूलबॉक्सची खिडकी उचलून उजवीकडे नेता येते. आधी लेयर्स वगैरेची खिडकी डावीकडे न्या, मग टूलबॉक्स उजवीकडे. 

पण तुमचा कोपर मग लेयर्सवर येईल की.

काजळकाडी

लेयर्सवर आला तर चालतो, तिथे मी सारखी जात नाही. किंवा दोन्ही उजवीकडेच एकाखाली एक लावते आणि डावी बाजू मोकळी. बघते करून.

फळाखडू

माझं लेयर्स आलं परत, धन्यवाद! आता शेवटचा त्रास. शाळेच्या लॅबमधे आठ मशीन आहेत, सगळ्यांवर मोठे रंगीत आयकॉन आणि कमी टूल्स असं लावायचंय, म्हणजे पाचवीची मुलं गोंधळणार नाहीत. प्रत्येकावर बसून करायला लागेल का?

कंदीपेढा

नाही ताई. एका मशीनवर सगळं मनासारखं लावा, गिंप बंद करा, मग तो २.१० नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्यांवर त्याच जागी टाका. तिथेही गिंप बंद असताना टाका, चालू असेल तर बंद होताना ते स्वतःच्या जुन्या सेटिंग्ज वर लिहून टाकतं. सगळीकडे गिंपची आवृत्ती एकच आहे ना तेवढं बघा. आणि स्क्रीन वेगवेगळ्या मापाच्या असतील तर सेशनआरसी तेवढी वगळा, नाहीतर पॅनल भलतीकडे जाऊन बसतील. ती मांडणी त्या त्या मशीनवर हाताने लावा.